बसा की

महाद्वार रोडला लागून एका बोळात तात्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आत एक माणूस, बाहेर एक गिऱ्हाईक आणि भिंतीवर चाळीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. वडिलांचं जुनं एचएमटी बंद पडलं होतं, ते घेऊन गेलो होतो. डोळ्याचं भिंग न काढताच तात्यांनी पायानं लाकडी स्टूल माझ्याकडं ढकललं. "बसा की." म्हटलं, राहू दे. "बसा की ओ, असं उभ्या उभ्या काय!" मी तरी उभाच. एक पाय दुकानाच्या पायरीवर, एक रस्त्यावर, कुठल्याही क्षणी पळून जाईन असा. "पाठीचं काय काढलंय काय?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, ऑपरेशन झालंय, सतरा दिवस झाले. "कसलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हर्नियाचं."

तात्यांनी आता मात्र भिंग काढलं. "कुठल्या बाजूचं?"

उजव्या, म्हटलं. काहीतरी सांगायला हवं होतं.

"माझं बी उजव्याच! जाळी घातली काय?"

घातली म्हणालो. मग पुढची वीस मिनिटं तात्या बोलत होते. दोन वर्षं पोरांपासून कसं लपवलं, लेंग्याच्या आत पट्टा बांधून दुकानात कसे बसत, खोकला आला की टेबलाखाली हात घालून गाठ कशी दाबून धरत, गिऱ्हाईक बाईमाणूस असेल तर तेही करता येत नसे. ती गाठ शेवटी कुठवर उतरली होती तेही सांगितलं, आवाज खाली आणून. "घरात सुद्धा सगळं सांगितलं न्हाई मी," म्हणाले. मी मान डोलावत होतो आणि नसलेल्या जाळीबद्दल "हो, अजून थोडं ओढतंय" असं काहीबाही जोडत होतो. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर एका घड्याळात सात वाजले होते, एकात अकरा, आणि कोपऱ्यातल्या पेंडुलमवाल्यात बरोब्बर तीन. मला हसू यायला लागलं, आणि हसलं की अजून दुखत होतं.

तीन, सात आणि अकरा. मूळव्याधीचे मोड यायच्या ह्या ठरलेल्या जागा. माणसाला उताणं झोपवून पाय वर घेतले की सर्जनच्या समोर जणू घड्याळाची तबकडी असते, आणि त्या तबकडीवर ते मोड बहुधा ह्याच तीन आकड्यांवर सापडतात. माझ्या केसपेपरवर तेच आकडे स्वल्पविराम देऊन लिहिलेले होते.

हर्निया म्हटल्यावर लोक विचारतात, काय उचललंत? त्यात थोडा मानच असतो. तालमींच्या गावात तर विशेष. मूळव्याध म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग सुरण खायला सांगतात. आमच्या ऑफिसात कोणी खुर्चीत चुळबुळ केली की "मूळव्याध झाल्यागत काय करतोयस" हे वाक्य ठरलेलं. ज्याला खरोखरच होती तो, म्हणजे मी, त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचे हिशेब मी बघतो. तिथं लोखंड उचलणारे वेगळे, मी फक्त बसतो. दिवसाचे नऊ तास. आणि कोल्हापुरात बसणं हे काही नुसतं बसणं नसतं. ह्या गावाचं सगळं बसूनच चालतं. तालमीच्या कट्ट्यावर बसायचं, रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचं, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला थांबायचं आणि थांबता थांबता तिथंही टेकायचं. लग्नाची बैठक, भावकीची बैठक, कुस्तीला खासबागच्या मातीच्या उतारावर चार चार तास. कुणाच्या दारावरून गेलात तर "या की, बसा की" आलंच. "नको" म्हणणारा माणूस एक तर भांडलेला असतो किंवा उधारी बुडवलेला.

आठ वर्षं मी हे चालवलं. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आदल्या दिवशीची मिसळ आठवली आणि कटाला दोष देऊन मोकळा झालो. मोड आलेली मटकी आणि मोड आलेला मी, असा एक विनोदही मनातल्या मनात करून घेतला. दुखत अजिबात नव्हतं, हीच तर गोची. लालभडक रक्त, थेंब थेंब, कधी पिचकारीसारखं भांड्यावर उडायचं, आणि दुखणं शून्य. आत एक सीमारेषा असते, तिच्या वरच्या भागाला अशा दुखण्याची जाणीवच नसते आणि खालच्या भागाला बोटाच्या टोकाइतकी असते, हे मला नंतर कळलं. वरच्या मजल्यावर आग लागली तरी खाली कुणाला पत्ता नाही, असली रचना. मधल्या काळात मलमं झाली, इसबगोल झालं, सुरणाची भाजी तर इतकी खाल्ली की बायकोला संशय आला. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध मारणारं, असंच नाव आहे म्हणे. पण माझ्या अर्शानं बहुधा संस्कृत वाचलेलं नव्हतं. बसस्टँडच्या भिंतीवर "मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, खात्रीशीर" असं रंगवलेलं असायचं. त्याखालचा नंबर मी दोनदा मोबाईलमध्ये घेतला आणि 'इलेक्ट्रिशियन' ह्या नावानं साठवला. फोन केला नाही, ही त्यातल्या त्यात अक्कल.

मग मोड बाहेर यायला लागले. आधी आपोआप आत जायचे, मग बोटानं ढकलावे लागायला लागले. हातानं ढकलावे लागले की तिसरा टप्पा, ढकलूनही जात नाहीत तो चौथा. ऑफिसच्या संडासात पंधरा पंधरा मिनिटं ढकलाढकली चालायची आणि बाहेर कुणीतरी कडी वाजवायचं. शेवटी एका संध्याकाळी पांढऱ्या पँटवर डाग पडला, खुर्चीवर नाही पडला हे नशीब. दुसऱ्या दिवशी सर्जनकडं गेलो.

कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे. हातमोजा, जेली, बोट, मग एक थंडगार नळकांडं, आणि डॉक्टरांचा अगदी घरगुती आवाज, "श्वास घ्या, सोडा, गाव कुठलं तुमचं?" दोन मिनिटांत झालं. ह्या दोन मिनिटांना मी आठ वर्षं घाबरलो होतो. डॉक्टर तरुण होते, कळकळीनं बोलत होते. म्हणाले, ह्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सगळ्यांनाच असतात, दार नीट मिटायला त्यांची मदत होते. कुंथून कुंथून त्या फुगतात, लोंबायला लागतात. मिरचीनं मूळव्याध होत नाही हो, जाताना झोंबते एवढंच. पाणी कमी, चोथा कमी, आणि संडासात मोबाईल घेऊन बसणं, ही कारणं. तिसरं कारण ऐकून मी खिशातला मोबाईल उगाच चाचपला. मग त्यांनी मला रागावल्यासारखं विचारलं, आठ वर्षं रक्त जातंय आणि ते मूळव्याधीचंच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आतड्याच्या कॅन्सरलाही रक्तच जातं. ऑपरेशनच्या आधी दुर्बीण टाकून आतडं बघून घेतलं. तो रिपोर्ट हातात येईपर्यंतच्या दोन रात्री मी झोपलो नाही, आणि रिपोर्ट चांगला आल्यावर ऑपरेशनची भीती निम्मी संपली.

प्रकार बरेच असतात. लहान मोडांना रबराची रिंग घालतात, रक्तपुरवठा तुटून ते आपोआप गळून पडतात. लेझर आहे, स्टेपलर आहे. स्टेपलरला दुखतं कमी, पण परत यायची शक्यता जास्त. माझे मोड मोठे, आतले आणि बाहेरचे एकत्र झालेले, म्हणून डॉक्टरांनी उघडी, जुनी पद्धत सुचवली. मिलिगन आणि मॉर्गन ह्या लंडनच्या सर्जनांनी 1937 साली मांडलेली. तिन्ही ठिकाणचे मोड कापून मुळाशी बांधायचे, मध्ये चांगल्या कातडीच्या पट्ट्या राखायच्या आणि जखमा उघड्याच ठेवायच्या, त्या आतून भरून येतात. "उघड्या?" मी विचारलं. "त्या जागी?" डॉक्टर म्हणाले, हो, त्या जागी. आपल्याकडं तर सुश्रुतानं अवघड अशा आठ महाव्याधींत अर्श बसवलाय, भगंदर आणि मुतखड्याच्या पंगतीत, आणि औषध, क्षार, अग्नी, शस्त्र असे चार उपाय सांगितलेत. मी सुरणापासून निघून चौथ्यावर पोचलो होतो.

ऑपरेशन हा ह्या प्रकरणातला सगळ्यांत सोपा भाग. रात्री बारानंतर पाणीही नाही. सकाळी टेबलावर बसवून पाठ वाकवायला सांगितली, कण्यात एक सुई, आणि दोन मिनिटांत कमरेखालचा मी परका झालो. पाय आधी कोमट, मग जड, मग नाहीतच. कुणीतरी माझे पाय उचलून वर अडकवले तेव्हा ते कुणाचे आहेत असं वाटलं. जेमतेम पाऊण तास. भूलतज्ज्ञ बाई मोबाईलवर हळू आवाजात मुलाला गणित सांगत होत्या, लसावि. खरी मजा संध्याकाळी. भूल उतरली तरी लघवी उतरेना. पोट टम्म. हे भुलीनं आणि त्या भागाच्या दुखण्यानं बऱ्याच जणांना होतं, लघवी झालीच नाही तर नळी घालतात. नळीचं नाव ऐकून मी बाथरूममध्ये नळ सोडून, भिंतीला कपाळ टेकून वीस मिनिटं उभा राहिलो. पंचगंगेचा पूर आठवला, राधानगरी धरणाची दारं आठवली. शेवटी झाली. वॉर्डात मात्र एक गोष्ट मनाला लागली. जेवणाचे डबे वाटणारा पोरगा दारातून ओरडायचा, "मूळव्याधवाले कोण, त्यांना पातळ!" पाच खाटांवरची पाच माणसं आणि त्यांचे नातेवाईक वळून बघायचे.

दुसऱ्या दिवशी घरी.

तिसऱ्या दिवशी ते. ज्याबद्दल सगळे सांगतात आणि सांगून काही कळत नाही. औषधाचं गोड पातळ पाक दोन वेळा पोटात जात होतं, इसबगोल जात होतं, तीन तीन लिटर पाणी जात होतं, म्हणजे जे येणार ते मऊच येणार होतं. पण भीतीनं माणूस दाबून धरतो, धरलं की खडा होतो, आणि खडा झाला की संपलंच. रात्री साडेअकराला कळ आली. एका ओळीत सांगायचं तर, पाट्यावर लवंगी मिरचीचा ठेचा वाटतात ना, तसा पाटा मी होतो. घाम फुटला, कानात शिट्टी वाजायला लागली, हात भिंतीवर.

तेवढ्यात दाराबाहेरून आईचा आवाज. "कुंथू नको. तोंड उघडं ठेव. दम सोड, धरून ठेवू नको."

मग दार थोडं ढकलून, आत न बघता, तिनं देवघरातला जुना पाट आत सरकवला. "पाय त्यावर ठेव. गुडघे वर येऊ देत." ठेवले. तोंड उघडं ठेवून दम सोडला. दोन मिनिटांत मोकळा झालो. त्यानंतर टबात बसायचं. प्लास्टिकचा टब, कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा आणि दर संडासनंतर. मी पाण्यात बोट घालून बघायला लागलो तर आई म्हणाली, बोटानं न्हाई, मनगटाच्या आतल्या बाजूनं बघ. जंतुनाशक टाकू का विचारलं तर म्हणाली, काही घालू नको, आग होते. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, साधं पाणी. त्या पाण्यात बसल्यावर जे सुख मिळतं ते कुठल्या तीर्थात मिळत असेल असं मला वाटत नाही. आतला आवळून बसलेला स्नायू एकेक चुणी सोडत जातो.

पण मला पाण्यातच प्रश्न पडला. हिला हे कसं माहीत?

दुसऱ्या दिवशी विचारलं. आई भाजी निवडत होती. "तू पोटात असताना झाली," म्हणाली. "मग गेली न्हाई कधी." भेंडी निवडल्यासारखं सांगितलं. मी बेचाळीस वर्षांचा आहे.

आम्ही शिवाजी पेठेत वाड्यात राहायचो. नऊ बिऱ्हाडं, दोन संडास, त्यातल्या एकाची कडी मोडलेली. पहाटे टमरेल घेऊन रांग. बायका उजाडायच्या आत उरकून घ्यायच्या, आणि ज्या दिवशी राहून गेलं त्या दिवशी रात्रीपर्यंत थांबायच्या. थांबता यावं म्हणून पाणी कमी प्यायचं. पुरुष बाहेर खाकरत उभे असताना आत बाई किती वेळ बसणार? ह्याला आमच्या घरी आईची शिस्त म्हणायचे. आणखी एक गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती, आईला तांबडा रस्सा आवडत नाही. रविवारी मटण असलं की तांबडा ती करायची, तिखटाचा अंदाज तिच्यासारखा कुणाला नाही, पण स्वतःच्या ताटात पांढरा घ्यायची. आम्ही चिडवायचो, कोल्हापूरची असून तांबड्याला भिते. वाढून झालं की स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहायची, "तुम्ही बसा, मी मागनं बसते." त्या "मागनं" मध्ये काय होतं ते मला टबात बसून कळावं ह्याचा मला रागही आला आणि, खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं. माझ्या दुखण्याचा मी आठवडाभर घरात तमाशा मांडला होता, तिचं दुखणं बेचाळीस वर्षं पांढऱ्या रश्शात बुडालं होतं.

डॉक्टरला दाखवलं नाहीस? "दाखवणार कुणाला? बाई डॉक्टर बाळंतपणाची. हे बघणारे सगळे बापय." मग परत भेंडी.

बाकी दिवसांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. जखमेतून पाणी झिरपतं म्हणून पॅड लावावा लागतो, तो आणायला स्वतः मेडिकलमध्ये गेलो आणि दुकानदारानं तो सवयीनं वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातला. पिशवी काखेत मारून घरी येताना वाटेत दोघं ओळखीचे भेटले, दोघांनी पिशवीकडं बघितलं. मधे भोक असलेली रबरी रिंग बसायला घेऊ नका, त्यानं उलट त्या भागावर ताण येतो असं डॉक्टर म्हणाले, म्हणून साधी उशी. वेदनेच्या गोळ्या वेळेवर, दुखायची वाट न बघता. नवव्या दिवशी टबातलं पाणी लाल झालं आणि मी फोन लावला. मोडाच्या मुळाशी बांधलेली गाठ सुटून पडते, साधारण दुसऱ्या आठवड्यात थोडं रक्त जातं, डॉक्टर म्हणाले. पण थांबलंच नाही, गुठळ्या पडायला लागल्या, चक्कर आली, ताप आला, तर लगेच या, रात्र असली तरी. थांबलं. पहिल्या आठवड्यात रोज वाटलं की हे कशाला करून घेतलं, दुसऱ्यात दिवसाआड, तिसऱ्यात दुचाकी काढली आणि पहिल्याच गतिरोधकावर परत तेच वाटलं. जखमा पूर्ण भरायला महिना-दीड महिना लागतो. पाट मात्र आता संडासातच राहिलाय, आणि मोबाईल बाहेर.

पाचव्या आठवड्यात एचएमटी आणायला गेलो. खरं तर घड्याळाची घाई नव्हती, पण तात्यांची ती वीस मिनिटं डोक्यातून जाईनात. कुणी आपल्याला उधार पैसे द्यावेत आणि आपण खोट्या नावानं सही करावी, असं काहीतरी झालं होतं. तात्यांनी मला बघितलं आणि पहिला प्रश्न, "जाळी काय म्हणतीय?"

"जाळी नव्हतीच तात्या. मूळव्याधीचं होतं."

ते हसले नाहीत. भिंग काढून टेबलावर ठेवलं. "आँ? मग माझं सगळं कशाला ऐकून घेतलासा?" खरोखर दुखावल्यासारखे दिसले. मी काय बोलणार. थोडा वेळ भिंतीवरची घड्याळंच बोलत राहिली. मग त्यांनी बोळाच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, टेबलावरून पुढं वाकले आणि आवाज परत खाली आला, त्या दिवशीसारखा. "तिथं बाई डॉक्टर हाय काय कोण? आमच्या घरात दाखवायचं होतं. लई दिवस झालं, न्हाईच म्हणतीय."

होती. त्या भुलीच्या बाई नव्हेत, सर्जन बाई. आईसाठी मी चौकशी करून नंबर काढला होता, तो दोन आठवडे पाकिटात तसाच होता, कारण आईचं अजून "आता ह्या वयात कशाला" चाललं होतं. तो मी त्यांच्या पावतीच्या मागं लिहून दिला. तात्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून घड्याळाच्या बारीक स्क्रूंच्या डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

"एचएमटीचं काट्याचं काम राहिलंय अजून," म्हणाले. "दहा मिनटं लागतील." आणि पायानं स्टूल पुढं ढकललं.

मी डाव्या कुल्ल्यावर भार देऊन टेकलो.